तळ कसला

घटस्फोटात होडी मार्सालीला मिळाली,
नांगर टॉर्क्विलला.
वकिलाच्या यादीत शिडं, दोर, स्टोव्ह झाल्यावर
त्याची वेगळी ओळ होती,
आणि टॉर्क्विलने नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.
आता तो त्याच्या अंगणात उभा आहे, पांढरा रंग फासलेला,
भोवती डॅफोडिल.
खाडीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

मार्चमधलं स्टॉर्नोवे. दुकानात डांबराचा, ओल्या दोराचा वास.
होडी किती फुटी, हे फरखरने विचारलंच नाही.
"तळ कसला?" म्हणाला.
वाळू, बरीचशी. कुठे काळा चिखल, लोण्यासारखा.
उत्तरेला खडक, आणि खडकावर शेवाळाचं रान,
माणसाहून उंच.
"मग एका नांगराचं काम नाही हे."
"पैसे एकाचेच आहेत."
त्याने चहाला आधण ठेवलं.

एकेक ओढून काढले त्याने:
फाळाचा, पंजाचा,
पातळ पात्यांचा, जो वाळूत राजा आणि शेवाळात रंक,
आजोबांच्या काळचा दुकाट्या,
आणि नवीन एक, फावड्यासारखा, डोक्यावर कमान,
उलटा पडला तरी आपणहून कूस बदलणारा.

मी हे ज्या भाषेत लिहितेय तिच्यात
शेतातल्याला आणि समुद्रातल्याला एकच नाव.
एकाने पुढे जायचं,
दुसऱ्याने जाऊ द्यायचं नाही.
मार्सालीच्या गेलिकमध्ये शब्द दोन आहेत,
तरी फाळाच्या नांगरावरून हात फिरवताना
तिला बापाची बटाट्याची पट्टी आठवली,
खत म्हणून पाठीवरून वाहिलेलं शेवाळ,
मानेवरून ओघळणारं खारं पाणी.

मावसबहीण डॉलिना शिंपल्यांसाठी बुड्या मारते.
तिने नांगर खालून पाहिलेत.
"निम्मे कुशीवर झोपलेले असतात गं.
वर लोक वाइन पितात,
आणि होडी नुसत्या साखळीच्या वजनावर तगून.
जड घे, जड घे म्हणतात सगळे. रुतणारा घे.
आणि सकाळी सुटणारा."

मार्सालीला ती रात्र आठवली.
टॉर्क्विल म्हणत होता, धरलाय, धरलाय,
आणि धक्क्यावरचा दिवा
खिडकीतून हळूहळू डावीकडे निघून गेला.

फ्रीजच्या खोक्यातून तिने पुठ्ठ्याचा नांगर कापला,
कमानीसकट, मापात.
होडी अजून जमिनीवर, टेकूंवर.
शिडी लावून तिने तो नाळेवर बसवून पाहिला:
कमान कठड्याला अडते. दोन बोटं फक्त.
तेवढ्यात वाऱ्याने तो उचलला आणि कुंपणापार नेला.
बघणारी दोन पोरं हसली. तीही.

शेवटी बिनकमानीचा, टोकात शिसं भरलेला.
तक्ता पंधरा किलो सांगत होता, तिने वीस घेतला.
साखळी दहा मिलिमीटरची, पन्नास मीटर.
नांगरापेक्षा साखळीच महाग पडते,
हे आधी कुणी सांगत नाही.

मे महिन्यात पहिला मुक्काम. वारा असा होता
की आडोसा त्याच खाडीत.
सात मीटर पाणी, पस्तीस मीटर साखळी.
इंजिन उलटं फिरवून तिने साखळीवर तळहात ठेवला.
सरकणारा नांगर हाताला कळतो,
गोट्यांवरून गोणी ओढावी तसा.
गुरगुरला. थांबला. पुन्हा जरासा.
मग नाही.

आता किनाऱ्यावर दोन खुणा हव्यात, एकामागे एक,
जागच्या न हलणाऱ्या.
जवळची: पाणकावळा पंख वाळवत बसलेला खडक.
लांबची: टेकडीखाली काहीतरी पांढरं.
तिने दुर्बीण लावली.
मग खाली ठेवली, आणि बराच वेळ भांडी घासली.

रात्री वारा वाढला.
त्या उत्तरेत मेमधली रात्र पुरती काळी होत नाही.
दोनला उठून ती वर आली,
स्वेटरवर स्वेटर, पायात त्याचे जुने मोजे.
खडक. खडकाच्या बरोबर मागे तो, पांढरा,
तसूभर हललेला नाही.

इतक्या वर्षांत आज धरला म्हणायचा,
ती म्हणाली,
आणि खाली जाऊन झोपली.